कोरडं वजन

यंदा ऐंशीच गड्डे. मागच्या वर्षी दीडशे होते.
आई म्हणते, खाणारं एक तोंड कमी झालं,
आणि लगेच जीभ चावते,
कारण ते तोंड पलीकडच्या खोलीत
टीव्हीवर हवामान बघत बसलंय.

हेनाममधली नोव्हेंबरची दुपार. समुद्राकडून वारा.
प्लास्टिकच्या निळ्या घंगाळात उभे चिरलेले कोबी,
आणि आई पानामागून पान उचलून
मीठ पेरते,
बुडख्याला जास्त, शेंड्याला नावापुरतं.
शिनानच्या मिठागरातलं खडेमीठ,
तीन वर्षं पोत्यात निथळलेलं.
प्रमाण विचारलं तर स्वतःच्या हाताकडे बघते,
जणू तोच सांगेल.

शेजारची कांगजिन-दाक
(कांगजिनहून नांदायला आली, तेव्हापासून तेच नाव)
रबरी हातमोजे चढवत विचारते,
"मास्तरीणबाई, पाणी आपण घोटभर घातलं,
मग सकाळी घंगाळ भरतं कुठून?"

मी शाळेत हेच शिकवते.
कांद्याचा पापुद्रा, काचपट्टी, खाऱ्या पाण्याचा एक थेंब.
बाहेर दाट, आत पातळ,
मधे एक पडदा,
पाण्याला वाट देणारा, मिठाला अडवणारा.
मग पाणीच उठून चालू लागतं दाटाकडे.
पेशीची भिंत जागच्या जागी उभी,
आणि आतला जीव अंग चोरून
मधोमध गोळा होतो,
मोठ्या घरात एकटा उरलेला माणूस
एकाच खोलीत राहायला लागतो तसा.

"गोडं पाणी घातलं की परत पसरतो ना?"
मागच्या बाकावरून हान-ग्योल.
पसरतो. वेळेत घातलं तर.
"वेळेत म्हणजे किती?"
पुस्तकात नव्हतं. मी घंटेची वाट पाहिली.

सोमवार, बुधवार, शुक्रवार बाबा तालुक्याच्या दवाखान्यात.
आधी वजनकाटा. दोन किलो सातशे जास्त.
नर्स विचारते, काय खाल्लंत?
बाबा छताकडे बघतात, गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे.
कोरडं वजन म्हणतात तिथे त्याला,
साचलेलं पाणी वजा केल्यावर उरतो
तेवढा माणूस.
बाबांचं अठ्ठावन्न.

चार तास रक्त केसाएवढ्या नळ्यांतून फिरतं
आणि नळ्यांबाहेरून उलटं वाहतं
मोजूनमापून खारवलेलं पाणी.
नुसतं पाणी का नाही, मी एकदा विचारलं
(मी! विज्ञानाची मास्तरीण!)
तर तंत्रज्ञ म्हणाला, नुसत्या पाण्यात
तांबड्या पेशी पिऊन पिऊन फुटतात.
इतकी वर्षं मला वाटायचं,
मारतं ते फक्त मीठ.

रात्री तीनला स्वयंपाकघरात दिवा.
आई कोबी उलटवायला उठली होती, खालचे वर, वरचे खाली.
ओट्यावर वेगळ्या वाडग्यात दोन पानं,
साध्या पाण्यात.
"चौथं पाणी," ती म्हणाली. "खार उतरला असेल आता.
तिखट मी बेतानं लावीन."
मी पान उचलून पाहिलं.
खार उतरला होता. ताठपणा आला नव्हता.
बोटाला गुंडाळलं तरी मोडेना.
पडदे केव्हाच फाटले असणार,
आता पाणी आत काय, बाहेर काय,
कुणी अडवणारंच नव्हतं.

सकाळी घंगाळ काठोकाठ.
कांगजिन-दाक बोट बुडवून चाखते, तोंड वाकडं करते,
"एवढं सगळं यांच्या पोटात होतं?"

बाबांनी पान खाल्लं. सावकाश.
"ओला कागद," म्हणाले.
मग थोड्या वेळानं, "दुसरं दे."

वाडग्यात पाणी उरलं होतं, लालसर.
ते तोंडापाशी नेलं. थांबले.
दिवसाच्या पाण्याचा पेला टेबलावर होता,
नर्सनं मारलेल्या रेघेसकट.
उठले, आणि ते पाणी खिडकीतल्या
जिरेनियमच्या कुंडीत ओतलं.

त्यात थोडं मीठ होतंच अजून.
मी काही बोलले नाही.